अडीच तासांवरून एका मिनिटावर: पार्कर बापलेकांचा फॉस्फेटिंगचा धंदा

फॉस्फेटिंग म्हणजे पोलादाच्या वस्तूवर द्रावणात फॉस्फेटच्या स्फटिकांचा थर चढवणे; तो थर तेल किंवा रंग धरून ठेवतो आणि गंज रोखायला मदत करतो. क्लार्क डब्ल्यू. पार्कर आणि त्यांचा मुलगा वायमन सी. पार्कर यांनी १९१५ साली अमेरिकेत पार्कर रस्ट-प्रूफ कंपनी उभी केली, तेव्हा त्यांच्या हातातली मूळ कृती त्यांची स्वतःची नव्हती. बर्मिंगहॅमच्या थॉमस वॉट्स कॉस्लेट यांचे १९०६ चे ब्रिटिश पेटंट होते. त्यावर आधारलेली मँगनीज फॉस्फेटची सुधारित पद्धत फ्रँक रूपर्ट ग्रॅनव्हिल रिचर्ड्स यांनी नोंदवली होती आणि तिला १९१३ मध्ये अमेरिकी पेटंट मिळाले होते. थोरल्या पार्करांनी या दोन्ही पेटंटांचे अमेरिकेतले हक्क घेतले आणि घरच्या स्वयंपाकघरात त्यांवर आणि गंजरोधाच्या इतर मिश्रणांवर प्रयोग केले. पुढे डेट्रॉइट हे कंपनीचे ठाणे झाले.

कृती दुसऱ्याची, तरी नाव पार्करांचे पडले. आज ‘कॉस्लेटायझिंग’ हा शब्द इतिहासाच्या टिपांपुरता उरला आहे. ‘पार्कराइजिंग’ मात्र कामगाराच्या तोंडी क्रियापदासारखे रुळले. हे का झाले, याचे उत्तर जाहिरातीत किंवा नशिबात शोधण्याआधी टाकीत डोकावावे लागते.

घरात का जमले

१८६९ मध्ये इंग्लंडात रॉस यांनी नोंदवलेल्या पेटंटात लोखंड लालबुंद तापवून फॉस्फोरिक आम्लात बुडवायचे होते. त्यासाठी भट्टी हवी, आणि तापलेला जॉब (म्हणजे ज्यावर काम करायचे ती वस्तू) आम्लात पडला की उडणाऱ्या वाफांपासून वाचण्याची सोयही हवी. कॉस्लेट यांनी तो प्रकार बदलला. पातळ फॉस्फोरिक आम्लात आधीच लोखंडाचा कीस विरघळवायचा आणि त्या उकळत्या द्रावणात जॉब ठेवायचा. सगळे काम पाण्याच्या उत्कलनबिंदूखाली किंवा त्याच्या आसपास होते. कडकीकरण, कार्बुरायझिंग (पोलादाच्या पृष्ठभागात कार्बन मुरवणे) अशा धातुप्रक्रियांना ८०० ते ९५० अंश सेल्सिअसची भट्टी लागते. इथे चूल, भांडे, आम्ल, पाणी आणि घड्याळ एवढ्यावर प्रयोग होऊ शकत होता. अशा उद्योगात कमी भांडवलाचे घर का शिरू शकले, त्याचे अर्धे कारण हे तापमान आहे.

उरलेले अर्धे कारण म्हणजे ही प्रक्रिया दिसायला जितकी सोपी होती तितकी सांभाळायला अवघड होती. पहिला घाणा छान यायचा, दहावा यायचा नाही. का, ते कळण्यासाठी रसायन पाहावे लागते.

टाकीत काय घडते

द्रावणात मँगनीजचे (किंवा जस्ताचे, लोखंडाचे) प्राथमिक फॉस्फेट असते. ते आम्लात विरघळलेले राहते. पोलादाचा जॉब आत गेला की मोकळे आम्ल त्याचा पृष्ठभाग खाऊ लागते आणि हायड्रोजनचे बुडबुडे निघतात. आम्ल खर्ची पडते ते जॉबच्या अगदी अंगालगतच्या पातळ थरात, त्यामुळे तिथला पीएच वाढतो. पीएच वाढला की प्राथमिक फॉस्फेट विरघळलेले राहू शकत नाही. त्याचे अविद्राव्य तृतीयक फॉस्फेट बनते आणि जॉबवरच स्फटिकरूपाने बसते. हे होताना थोडे आम्ल परत मोकळे होते. पृष्ठभाग स्फटिकांनी झाकला गेला की आम्लाला पोलाद भेटत नाही आणि बुडबुडे थांबतात. अनुभवी माणूस घड्याळापेक्षा या बुडबुड्यांवर नजर ठेवतो.

म्हणजे सगळा खेळ दोन गोष्टींच्या प्रमाणाचा आहे: एकूण आम्ल (यात विरघळलेले फॉस्फेटही मोजले जाते) आणि मोकळे आम्ल. कॉस्लेटच्या मूळ पद्धतीत आम्ल आणि कीस घालून उकळायचे, एवढेच होते. प्रत्येक घाण्यानंतर हे प्रमाण सरकायचे. ते किती सरकले, हे टाकीपाशी उभ्या माणसाला कळायचे नाही. पार्कराइजिंगची वेगळी ओळख १९१४ च्या सुमारास तयार झाली ती याच जागी: एकूण आम्ल व मोकळे आम्ल यांचे गुणोत्तर मोजून राखायचे. पुढे १९१९ मध्ये कंपनीच्या आर. डी. कोल्क्व्हून यांच्या नावे मँगनीज फॉस्फेटिंगचे सुधारित पेटंट निघाले. ग्राहकाने टाकीत घालायची वस्तू म्हणजे ‘पार्को पावडर’. तयार फॉस्फेट पुडीत मिळाल्यावर आम्ल आणि कीस यांचा मेळ बसवण्याची कटकट ग्राहकाकडून गेली.

आमच्या मते या प्रकरणातला खरा निर्णय हाच. दुसऱ्यांच्या वस्तूंवर थर चढवून देण्याचे काम कितीही वाढवले तरी ते टाक्यांच्या लांबीएवढेच वाढते. परवाना, रसायन आणि मोजणीची रीत विकली की ग्राहकाची टाकी हीच आपली टाकी होते.

मोजणीची रीत

ती आजही जवळपास तशीच आहे. टाकीची पातळी आधी पाण्याने पूर्ववत करायची. ९५ अंशांवर पाणी सतत उडत असते. पातळी न भरता नमुना घेतला तर द्रावण आहे त्यापेक्षा कडक दिसते आणि माणूस द्यायची ती रसायने देत नाही. मग निवळ, थंड केलेला १० मिली नमुना घ्यायचा. त्यात ब्रोमोफेनॉल ब्लू किंवा मिथिल ऑरेंज या रंग बदलणाऱ्या दर्शकाचे थेंब टाकून ०.१ नॉर्मल (ठरावीक तीव्रतेचा) कॉस्टिक सोडा ब्युरेटने, म्हणजे मापाच्या खुणा असलेल्या काचनळीने, सोडायचा. रंग बदलेपर्यंत जितके मिली लागले तितके मोकळ्या आम्लाचे ‘पॉइंट’. तसाच दुसरा नमुना फिनॉल्फ्थॅलीन या दुसऱ्या दर्शकावर गुलाबी होईपर्यंत चालवला की एकूण आम्लाचे पॉइंट मिळतात.

समजा मोकळे ६ आणि एकूण ३६ आले. गुणोत्तर ६. गरम मँगनीज टाकीला साधारण ५.५ ते ६.५ चालते, म्हणजे टाकी ठीक आहे. आता मोकळे ९ आणि एकूण तेच ३६ असले तर गुणोत्तर ४ येते. अशा टाकीत जॉब बुडबुडत राहतो, पोलाद खाल्ले जाते, थर मात्र विरळ, डागाळलेला आणि कधी तांबूस येतो. इथे नवखा माणूस पावडर वाढवतो. तीच चूक, कारण तिने दोन्ही आकडे वर जातात आणि गुणोत्तर फारसे सुधारत नाही. इथे मँगनीज कार्बोनेट पाण्यात कालवून थोडे थोडे घालायचे आणि प्रत्येक वेळी पुन्हा मोजायचे. उलट मोकळे ४.५ आणि एकूण ३६, म्हणजे गुणोत्तर ८ आले, तर स्फटिक जॉबवर बसण्याऐवजी द्रावणातच पडू लागतात. टाकी गढूळ होते, तळाशी गाळ साचतो आणि जॉबवर हाताला लागणारी पांढुरकी भुकटी बसते. गुणोत्तर ठीक पण दोन्ही आकडे कमी, अशी स्थिती असेल तरच नुसते रसायन घालून भागते.

नवीन भरलेल्या मँगनीज टाकीची आणखी एक खोड आहे. तिच्यात विरघळलेले लोखंड नसते आणि पहिले घाणे फिके, असमान येतात. म्हणून तेल काढलेली स्टील वूल आधी टाकीत टाकून द्रावण ‘पिकवतात’. विरघळलेले फेरस लोखंड वजनाने ०.२ ते ०.४ टक्क्यांच्या आसपास आले की टाकी नीट चालते. ते फार वाढले तर थर खरखरीत होतो; तेव्हा हायड्रोजन पेरॉक्साइडने लोखंड गाळाच्या रूपात पाडतात. मात्र तसे करताना मोकळे आम्ल वाढते, त्यामुळे लगेच पुन्हा मोजणी आणि पुन्हा कार्बोनेट.

एका जॉबचा प्रवास

बंदुकीचे सुटे भाग, गिअर, पिस्टन रिंग अशा कामांसाठी मँगनीजची लाइन अशी चालते. आधी ग्रीस काढायचे. गरम अल्कलीची टाकी चालते, पण त्यानंतरचे धुणे पक्के हवे; जॉबसोबत वाहून आलेली अल्कली फॉस्फेटच्या टाकीतले मोकळे आम्ल मारते आणि गाळ वाढवते. तेल गेले का, याची परीक्षा सोपी आहे: जॉबवर पाणी ओतावे, पडदा अखंड राहिला तर स्वच्छ, थेंब तुटले तर पुन्हा धुवावे. गंज वा खपली असेल तर ती आम्लाने काढता येते, पण कडक पोलादावर आणि स्प्रिंगांवर ग्रिट ब्लास्टिंग (कठीण कणांचा जोराचा मारा) बरे. ब्लास्टिंगने स्फटिकांना बसायला भरपूर जागा मिळतात, थर बारीक व सारखा येतो आणि हायड्रोजन पोलादात शिरण्याचा एक मार्गही बंद होतो. आम्लाने किंवा कडक अल्कलीने साफ केलेल्या पोलादावर स्फटिक मोठे व विरळ उगवतात. त्यासाठी मँगनीज फॉस्फेटची बारीक पूड तरंगत ठेवलेल्या टाकीत जॉब आधी बुडवतात. ती पूड स्फटिकांना बीज म्हणून उपयोगी पडते.

नंतर ९३ ते ९८ अंशांवर फॉस्फेटची टाकी. बुडबुडे थांबेपर्यंत ठेवायचे. जाडजूड थराला पंधरा-वीस मिनिटे लागतात. टाकी खदखदू द्यायची नाही. उकळीने तळचा गाळ वर येऊन जॉबवर चिकटतो, आणि जास्त तापलेल्या जागी प्राथमिक फॉस्फेट आपोआप फुटून गाळ व मोकळे आम्ल बनते. म्हणूनच हीटर थेट तळाशी बसवत नाहीत. गाळात पुरलेली कॉइल आधी पापुद्र्याने भरते, उष्णता देईनाशी होते आणि मग जळते. टांगलेले जॉब एकमेकांना टेकले तर टेकलेली जागा कोरी राहते. स्टेनलेस स्टीलवर हा थर धरत नाही. त्यातले क्रोमियम आम्लाला पृष्ठभागात शिरू देत नाही. एकाच जोडणीत दोन प्रकारचे पोलाद आले की अर्धा भाग चकचकीत राहतो आणि दोष टाकीला लागतो.

टाकीतून काढून लगेच गार पाण्यात, मग गरम पातळ क्रोमिक आम्लाच्या धुण्यात, असा जुना क्रम होता. स्फटिकांमधल्या बारीक फटी त्याने बंद होतात. षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक असल्याने आता त्याजागी क्रोमविरहित पॅसिव्हेशन, म्हणजे पृष्ठभाग निष्क्रिय करणारे धुणे, येते. शेवटी जॉब वाळवून तेलात.

या तेलाबद्दल गैरसमज फार आहे. फॉस्फेटचा कोरा थर गंज अडवण्यात दुबळाच असतो. अमेरिकी लष्करी मानक १६२३२ मध्ये मँगनीजच्या थराचे वजन दर चौरस मीटरला किमान १६ ग्रॅम आणि जस्ताच्या थराचे किमान ११ ग्रॅम मागितले आहे. पण तेल न लावलेल्या थराकडून मिठाच्या फवाऱ्याच्या गंज-चाचणीत टिकण्याची अपेक्षा मँगनीजला दीड तास आणि जस्ताला दोन तास एवढीच. थराचे काम तेल धरून ठेवण्याचे आहे. कंपनीच्या नावात ‘रस्ट-प्रूफ’ असले तरी गंज रोखतो तो थर आणि तेल मिळून.

रॉकवेल सी ३९ (कठीणपणाचे माप) किंवा त्याहून कडक पोलाद असेल तर टाकीत आत शिरलेला हायड्रोजन बाहेर काढावा लागतो, कारण तो पोलाद ठिसूळ करतो. सुमारे ९८ ते १०७ अंशांवर आठ तास, किंवा नुसते खोलीच्या तापमानाला १२० तास. मुलामा दिलेल्या जॉबसारखे १९० अंशांवर भाजायचे नाही, कारण स्फटिकांतले पाणी निघून जाते आणि थर भुसभुशीत होतो. ही पायरी विसरली तर स्प्रिंग तपासणीत पास होते आणि काही दिवसांनी भाराखाली आपोआप तुटते.

वेळेचा प्रश्न

रिचर्ड्सच्या काळच्या मँगनीज पद्धतीला दोन ते अडीच तास लागायचे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेने स्प्रिंगफील्ड रायफलींवर पार्कराइजिंग सुरू केले, तेव्हा हे चालून गेले. रायफलींचे भाग पेटीत भरून टाकीत सोडायचे असतात. मोटारीच्या कारखान्यात ते चालणे शक्य नव्हते. साधे गणित करा. कन्व्हेयर मिनिटाला ३ मीटर सरकत असेल आणि जॉब १५० मिनिटे बुडायला हवा असेल, तर टाकी ४५० मीटर लांब लागेल. दहा मिनिटांत काम झाले तर ३० मीटर. एका मिनिटात झाले तर ३ मीटर.

कंपनीच्या वाढीचा दुसरा टप्पा या गणितात आहे. १९२९ मध्ये ‘बॉन्डराइट’ पद्धत आली. त्यात तांब्याचा अगदी थोडा अंश असतो. तांबे पोलादावर सूक्ष्म ठिपक्यांनी बसते, तिथे कॅथोड (बॅटरीच्या ध्रुवासारखी सूक्ष्म विद्युत-टोके) तयार होतात आणि आजूबाजूचे पोलाद झपाट्याने विरघळू लागते. वेळ दहा मिनिटे ते एक तास इतकी उतरली. १९३३ च्या आसपास नायट्रेटसारखे ऑक्सिडीकारक वापरात आले. थर धरण्यात सगळ्यात मोठा अडथळा पृष्ठभागाला चिकटून राहणारा हायड्रोजन असतो. ऑक्सिडीकारक तो खाऊन टाकतात. वेळ पाच मिनिटांवर आली. १९३७ मध्ये बुडवण्याऐवजी फवारा आला आणि काम ६० ते ९० सेकंदांत होऊ लागले. फवाऱ्याने ताजे द्रावण सतत पृष्ठभागावर आदळते आणि वापरलेले वाहून जाते, हे त्यामागचे साधे यांत्रिक कारण.

वेळेबरोबर मालही बदलला, आणि हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. जाड मँगनीजच्या थराची जागा रंगाखालच्या पातळ जस्ताच्या थराने घेतली. दर चौरस मीटरला दीड ते साडेचार ग्रॅम एवढाच. जाड थर रंगाखाली वाईट ठरतो: स्फटिक रंग शोषतात, चकाकी जाते आणि पत्रा वाकला की थर मधूनच फुटतो. रंगाच्या शेवटच्या फिनिशवर फॉस्फेटच्या जातीचा परिणाम होतो हे १९२८ च्या सुमारास स्पष्ट झाले होते. गंजरोधक विकणारी कंपनी त्यानंतर मोटारी आणि रेफ्रिजरेटरांच्या रंगाखालचा पाया विकू लागली.

वेगाची किंमत गाळाने मोजावी लागली. ऑक्सिडीकारक विरघळलेल्या फेरस लोखंडाचे फेरिक बनवतो, ते फॉस्फेटबरोबर खाली बसते. मँगनीजच्या टाकीत ज्या लोखंडाची गरज होती, तेच इथे कचरा झाले. नायट्राइटवर चालणाऱ्या टाकीत आणखी एक मोजणी वाढली: सॅकरोमीटरच्या नळीत द्रावण भरून सल्फॅमिक आम्ल टाकायचे आणि जमणाऱ्या वायूची उंची पाहायची, ते ‘गॅस पॉइंट’. नायट्राइट संपले की जॉब पिवळट, पट्ट्यापट्ट्यांचा निघतो. जास्त झाले की तो निळसर पडतो आणि थर धरत नाही. टाकी रात्रभर बंद राहिली तरी नायट्राइट आपोआप कमी होते, त्यामुळे सकाळचा पहिला घाणा मोजल्याशिवाय सोडू नये.

सगळे शोध कंपनीच्या घरातून आले नाहीत. जस्ताच्या टाकीआधी टायटॅनियमयुक्त सोडियम फॉस्फेटचे द्रावण वापरून स्फटिक बारीक करण्याची युक्ती १९४० च्या दशकात वेस्टिंगहाउस या अमेरिकी कंपनीच्या जॉर्ज जर्नस्टेड यांनी काढली. आज जस्त फॉस्फेटच्या बहुतेक लाइनमध्ये ती टाकी असते. फॉस्फेटवर साबण चढवून पोलाद थंड अवस्थेतच ओढण्या-दाबण्याचा उपयोग जर्मनीत १९३४ मध्ये फ्रिट्झ सिंगर यांनी नोंदवला. तिथे जस्त फॉस्फेट साबणाशी अभिक्रिया करून झिंक स्टिअरेट बनवते आणि तो थर डाय व पोलाद यांच्यामध्ये टिकून राहतो.

नाव राहिले, घर गेले

परवान्याची रीत देशाबाहेरही चालली. जपानमध्ये १९२८ साली निहोन पार्करायझिंग ही कंपनी निघाली. ती आजही आहे. ब्रिटनमध्ये पायरीन कंपनीने आणि जर्मनीत मेटालगेसेलशाफ्टने या पद्धती चालवल्या. दुसऱ्या महायुद्धात एम-१ गॅरंड रायफलीपासूनची अमेरिकी शस्त्रे राखाडी-हिरवट पार्कराइज्ड फिनिशमध्ये निघाली, आणि तो रंगच लोकांना ‘लष्करी’ वाटू लागला.

१९६० च्या दशकात पार्कर कंपनी हुकर केमिकलमध्ये गेली, हुकर ऑक्सिडेंटल पेट्रोलियमकडे गेली, आणि १९८७ मध्ये पार्करचा व्यवसाय जर्मनीच्या हेंकेलने घेतला. हेंकेलने १९८० मध्ये घेतलेल्या, याच धंद्यातल्या अ‍ॅमकेमशी तो जोडला गेला. ‘बॉन्डराइट’ हे नाव हेंकेलच्या डब्यांवर आजही छापलेले असते, पण आतला माल नेहमी फॉस्फेटचाच असतो असे नाही. मोटारींच्या बॉडीवर काही कारखाने आता झिर्कोनियमचा थर देतात. तो नॅनोमीटरमध्ये मोजला जातो, खोलीच्या तापमानाला चढतो आणि गाळ फार कमी सोडतो. गिअर, पिस्टन रिंग आणि बंदुकांच्या भागांवर मात्र मँगनीजची गरम टाकीच चालते आणि तिच्याशेजारी ब्युरेट अडकवलेली असते.